आई – पाहा : दादा

सकाळी दहा चाळीसला पडद्यावर दोन ओळी उमटल्या. ‘आई – पाहा : दादा.’ आणि तिच्या खाली, ‘आई – पाहा : ताई.’ तिनं त्या चूक म्हणूनच वाचल्या. एकोणीस वर्षं पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या सूच्या केलेल्या माणसाला चूक आधी दिसते, शब्द मागाहून दिसतात. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं की दुसरीकडे जायचं, दुसरीवर ठेवलं की परत पहिलीकडे. ती तीनदा गेली आणि तीनदा परत आली. मधे काही नव्हतं. चूक सापडली की होतो तो छोटासा, जरा हलकट आनंद तिला झाला, आणि तो ओसरायच्या आत ‘आई’ हा शब्द दिसला. हातातला चहाचा कप तिनं टेबलावर ठेवला तो अगदी कडेला. पडला नाही. पण नंतर बराच वेळ ती त्या कपाकडेच पाहत राहिली. त्याचं निम्मं बूड टेबलाच्या बाहेर होतं.

काम तसं सरळ होतं. लोक इंटरनेटवरची पानं खुणा करून ठेवतात. वाचू, घेऊ, शिकू, नंतर पाहू. खुणा हजारांत जातात आणि मग ज्याचं त्यालाच काही सापडत नाही. ही कंपनी त्या खुणा एआयच्या हाती देत असे. ते यंत्र सगळी पानं वाचून त्यांचे कप्पे पाडायचं, कप्प्यांना नावं द्यायचं. नावं ठीक आहेत का ते तपासायला माणसं होती, त्यातली ती एक. प्रकाशनसंस्था बंद पडल्यावर तिला इथे घेतलं ते याचसाठी. ऑफिसात तिला सगळे सूचीबाई म्हणत. तोंडावरच म्हणत, त्यामुळे राग धरायचीही सोय नव्हती. नियम तिनंच लिहून दिले होते. नाव फार तर तीन शब्दांचं. नाव पानांबद्दल असावं, माणसाबद्दल नसावं. ‘पाठदुखी’ म्हणावं, ‘कंटाळलेला माणूस’ म्हणू नये. आणि एक पान दोन कप्प्यांत ठेवू नये. एकात ठेवावं, दुसऱ्यात नुसतं ‘पाहा’ लिहून पहिल्याकडे बोट दाखवावं. दीड वर्षात तिनं कितीतरी परक्या लोकांच्या खुणा पाहिल्या. एकानं पोहायला शिकण्याची चारशे पानं साठवली होती, सगळी हिवाळ्यात. एकीनं एकच पत्ता अकरा वेळा साठवला होता. बहुतेकांनी बहुतेक पानं पुन्हा कधी उघडलेली नसत. तिला याचं आता नवल वाटत नसे. खूण केली की काम केल्यासारखं वाटतं, छातीवरचं काहीतरी उतरतं आणि माणूस जेवायला बसतो.

सोमवारपासून एका घरातल्या माणसांची खाती एकमेकांना जोडायची सोय सुरू व्हायची होती. त्याआधी विभागातल्या प्रत्येकानं ती आपल्या घरच्या खात्यांवर चालवून पाहायची असं ठरलं होतं. तिनं दादाला महिन्यापूर्वीच विचारून ठेवलं होतं. ‘कर, मी नंतर पाहतो,’ असं त्यानं कळवलं होतं. ते काम तिनं आज काढलं, सहा दिवसांनी ऑफिसात पाऊल टाकल्या टाकल्या, कारण ते सगळ्यांत सोपं होतं.

“काय हो सूचीबाई, भूत पाहिल्यासारखा चेहरा?” विभागप्रमुख बाई खुर्चीसकट सरकत आली. वयानं तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. सगळे तिला कॅप्टन म्हणत.

“गोल नोंद झालीय.”

“मराठीत सांगा.”

“ही म्हणते तिकडे पाहा, ती म्हणते इकडे पाहा. दोन्ही खात्यांत तीच त्रेसष्ट पानं होती. इथली काढून टाकली, तिथे आहेत म्हणून. तिथली काढून टाकली, इथे आहेत म्हणून.”

“म्हणजे उडालीच?”

“कुठेच नाहीत.”

“अगं आई गं. आणि सोमवारी सोडतोय आपण हे. किती जणांना होईल असं?”

“ज्यांना भावंडं आहेत त्यांना.”

कॅप्टन खळखळून हसली. मग तिनं वाकून पडद्यावरचा शब्द वाचला आणि हसू तोंडातच ठेवून म्हणाली, “कशा आहेत आता?”

“आज चार वाजता इस्पितळातून सोडणार आहेत.”

“मग तुम्ही इथे काय करताय?”

“एवढी चूक लिहून जाते,” ती म्हणाली. कॅप्टननं जाता जाता तिचा कप आत सरकवला.

गोल नोंद हा शब्द तिला प्रकाशनसंस्थेतल्या म्हाताऱ्या संपादकांनी शिकवला होता. तिसरंच पुस्तक होतं तिचं, शहरांच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास. तेव्हा सूची चिठ्ठ्यांवर व्हायची आणि चिठ्ठ्या बुटांच्या रिकाम्या खोक्यांत राहायच्या. पुस्तक छापून आलं, आणि संपादकांनी तिला बोलावून शेवटची दोन पानं समोर धरली. ‘नळयोजना – पाहा : पाणीपुरवठा.’ ‘पाणीपुरवठा – पाहा : नळयोजना.’ ते रागावले नाहीत. म्हणाले, “बाई, वाचकाला दोन दारांच्या मधे उभं केलंत आणि दोन्ही दारं लावून घेतलीत.” ती रडवेली झाली तेव्हा त्यांनी सांगितलं, की ही चूक निष्काळजी माणूस करत नाही. निष्काळजी माणूस एखादी नोंद विसरतो. दोन्ही नोंदी करतो, दोन्ही नीट लिहितो, ठिपकासुद्धा जागच्या जागी देतो आणि तरी पानाचा आकडा कुठेच टाकत नाही, असा माणूस काळजी घेणाराच असतो. त्याला वाटत असतं, आकडा तिकडे टाकलाय. त्या वाक्यानं तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आज ते आठवलं, आणि बरं वाटलं नाही.

काढून टाकलेली पानं यंत्र तीस दिवस बाजूला ठेवतं. ती तिनं उघडली. न्हाणीघरात भिंतीला लावायच्या आधाराच्या दांड्या. पाय न घसरणारी रबरी चटई. गळ्यात घालायचं बटण, दाबलं की फोन लागतो. औषधांची आठवड्याची डबी, दुपार-रात्रीचे वेगळे कप्पे. ती तेवढी घेतली गेली होती, तीही औषधांच्या दुकानातून. दिवसभर सोबतीला राहणाऱ्या बायकांची संस्था. वृद्धाश्रम, त्याचं पहिलं चित्र बागेचं, बागेत कुणीच नाही. वयस्क व्यक्ती एकटी राहत असल्यास घ्यायची काळजी. पुन्हा दांड्या, वेगळ्या कंपनीच्या. प्रत्येक पानाला टीप होती, कारण दोघं एकमेकांना पान पाठवताना काहीतरी लिहीतच. तिच्या टिपा : ‘दादा, पाहा.’ ‘हे तू पाहशील का?’ ‘मी या आठवड्यात अडकलेय, तू पाहा.’ दादाच्या टिपा : ‘ताई, हे बघून ठेव.’ ‘तू जवळ आहेस, तू पाहा.’ ‘पाहिलंस का?’ ‘पाहते,’ असं तिनं लिहिलं होतं. ‘पाहतो,’ असं त्यानं लिहिलं होतं. बाजूच्या रकान्यात आकडा होता. उघडलेली पानं : शून्य. म्हणजे पाठवणाऱ्यानंही मथळा वाचून पाठवलं होतं आणि घेणाऱ्यानंही मथळा वाचून खूण केली होती. यंत्र आपण काय केलं त्याचं कारण नेहमी लिहितं, तसं ते इथेही लिहिलं होतं, नेहमीच्या सभ्य भाषेत : ‘दोन्ही खातेदारांच्या टिपांनुसार हा विषय दुसरा खातेदार पाहत आहे.’ ती त्यात दुरुस्ती शोधत राहिली. एखादा शब्द जास्त, एखादा ओढूनताणून. सापडला नाही. यंत्रानं नियम पाळला होता, आणि नियम तिचा होता.

पुस्तकात ‘पाहा’ म्हणजे पान उलटा, एवढंच. घरात ‘पाहा’ म्हणजे ते तू कर. आईचं कोण पाहतं, असं नातेवाईक विचारत तेव्हा ती म्हणायची, “दादा पाहतो ना,” आणि तिला ते खरंच वाटायचं. दादा मोठा. दादा विमा कंपनीत दावे तपासायचा. आग कधी लागली, कुणी पाहिली, दार आतून बंद होतं का, हे विचारण्यात त्याचा जन्म गेला होता. असा माणूस आईच्या न्हाणीघरात दांडी नाही हे बघणार नाही, असं कसं होईल? आईच्या घरातल्या कागदांवर, बँकेच्या, विजेच्या, दातांच्या डॉक्टरांच्या, ‘तातडीच्या वेळी संपर्क’ अशी ओळ असे. तिथे ती दादाचा नंबर लिहायची, कारण दादा फोन उचलतो. दादाच्या हातात फॉर्म आला की तो तिचा नंबर लिहायचा, कारण ताई जवळ राहते. दोन्ही कारणं खरी होती. आई चष्मा कपाळावर चढवून दोघांच्याही खाली सही करायची.

आई एका मोठ्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होती. तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसलेली. लहानपणी शाळा सुटली की ती आणि दादा तिच्या खोलीत एका बाकावर बसत, आणि आई न वळता, हातानं त्यांना गप्प राहायची खूण करत, बोलत असे : “थांबा हं, साहेब दुसऱ्या लाइनवर आहेत.” बऱ्याचदा साहेब कुठल्याच लाइनवर नसत. दादानं एकदा विचारलं होतं, तू खोटं का बोलतेस? आई म्हणाली होती, “खोटं कुठे? दोघांपैकी कुणाला वाईट वाटू नये म्हणून मधे थोडं थांबवायचं, एवढंच.” ते वाक्य त्या काळी घरात चेष्टेचं झालं होतं. गृहपाठ झाला का असं बाबांनी विचारलं की दादा म्हणायचा, साहेब दुसऱ्या लाइनवर आहेत.

गुरुवार सुरू केला तिनंच. बाबा गेले त्या वर्षी ती दर गुरुवारी संध्याकाळी आईकडे जायची, भाजी निवडायची, तिथेच जेवायची. मग नोकरी बदलली, तेव्हा ‘दोन महिने गुरुवार तू पाहा,’ असं तिनं दादाला सांगितलं. तो गेलाही. दोन महिने झाल्यावर गुरुवार परत कुणी कुणाच्या हातात दिला, हे तिला आठवेना. ती रविवारी फोन करायची. “काय गं, एकटी कंटाळतेस का?” आई म्हणायची, “एकटी कुठे? गुरुवारी दादा येऊन गेला ना. डाळिंबं आणली होती.” डाळिंबं. इतकं बारीक सांगितलं की माणूस विश्वास ठेवतो. दादा शनिवारी फोन करायचा. त्याला आई सांगायची, गुरुवारी ताई आली होती, पडदे धुऊन टाकले तिनं. दोघंही फोन ठेवून आपापल्या कामाला लागत. किती महिने? दादानं नंतर हिशेब केला, त्याची सवयच ती. चौदा.

बुधवारी आई न्हाणीघरात पडली. शुक्रवारी सकाळी आठला समोरच्या दंतवैद्य बाईंनी दारात दोन दिवसांची वर्तमानपत्रं पाहिली आणि बेल वाजवली. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, “किती वेळ पडून होत्या?” दादानं तिच्याकडे पाहिलं. तिनं दादाकडे पाहिलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी दोघांकडे एकदा पाहिलं आणि कागदावर एक प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह दादाला सहन झालं नाही. तो आईच्या घरी जाऊन आला आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून, समोरच्या भिंतीशी बोलावं तसा बोलला. “औषधाच्या डबीत बुधवारी दुपारचा कप्पा रिकामा. रात्रीचा भरलेला. नऊला घेते ती गोळी. म्हणजे त्याच्या आत पडली. टॉवेल खाली ओढून घेतलाय अंगावर. पस्तीस तास. कमीत कमी.” मग तो म्हणाला, “पण मधे गुरुवार होता. गुरुवारी तू गेली नाहीस का?”

“मी?” ती म्हणाली. “गुरुवारी तू जातोस.”

“मी कुठे जातो? पडदे कोणी धुतले मग?”

“डाळिंबं कोणी आणली?”

कुठलेतरी पाहुणे जवळून गेले, बाई मोठ्यानं रडत होती, पुरुष तिच्या चपला हातात घेऊन मागून चालला होता. दोघं ते जाईपर्यंत थांबले. दादाचा खालचा ओठ लोंबल्यासारखा झाला होता, बाबांचा शेवटी झाला होता तसा. “च्यायला,” तो हळूच म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिच्यासमोर शिवी दिली होती, आणि तीही इतक्या आदबीनं, की तिला हसू फुटेल अशी भीती वाटली.

शस्त्रक्रियेनंतर आईनं डोळे उघडले तेव्हा तिनं विचारलं, “आई, हाक का नाही मारलीस? समोर बाई असतात ना.” आईनं खूप विचार केला. ओठ कोरडे पडले होते. तिनं कापूस ओला करून लावला. “उगाच कशाला लोकांना त्रास,” आई म्हणाली. “मला वाटलं, बुधवारची रात्र काढली की झालं. गुरुवारी कुणीतरी येतंच.” आईचा आवाज सहज होता. थाप मारणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत कुठेतरी एक कोपरा जागा असतो, तो आता तिथे नव्हता. दोघांना थांबवून ठेवण्यासाठी जी लाइन तिनं बनवली होती, तिच्यावर ती स्वतःच कान लावून बसली होती, पस्तीस तास, ओल्या फरशीवर, गाल टाकून. तेव्हा तिथला दिवा चालू होता की बंद, हे तिनं आईला विचारलं नाही. ते आता तिला कधीच विचारता येणार नव्हतं, आणि रोज अंथरुणावर पडल्यावर पहिल्यांदा तेच मनात यायचं, दिवा.

सव्वा बाराला तिनं त्या चुकीचा अहवाल लिहायला घेतला. काय घडलं, काय घडायला हवं होतं, उपाय काय. उपाय तिला माहीत होता. चिठ्ठ्यांच्या काळातलाच होता. जिथे खूण पहिल्यांदा झाली, पान तिथेच राहील. टीप काहीही म्हणो. तिनं तो लिहिला आणि तपासायचा म्हणून त्या त्रेसष्ट पानांवर चालवून पाहिला. यंत्राला दोन सेकंद लागले. तीन पानं दादाकडे गेली. साठ तिच्या खात्यात येऊन पडली, वर दांड्यांचं पान, तारखेसकट : दोन वर्षं आणि चार महिन्यांपूर्वीची. तेव्हा आई पडली नव्हती, नुसती एकदा घसरली होती, आणि ती प्रकाशनसंस्थेच्या जिन्यात उभी राहून, एका हातानं, ते पान शोधून, खूण करून, दादाला पाठवून मोकळी झाली होती. तिला तो जिना आठवला. मोकळं वाटलेलंही आठवलं.

मग तिनं ते पान उघडलं. पहिल्यांदाच. दांडी स्टीलची होती, चार स्क्रू, सोबत बसवणारा माणूसही येत होता. पंचेचाळीस मिनिटांचं काम, असं लिहिलं होतं. तिनं ते दोनदा वाचलं. पंचेचाळीस मिनिटं.

इस्पितळात जाताना तिनं मनाशी एकच वाक्य धरून ठेवलं होतं. आईला मी नेते. माझ्याकडे. दादानं काही म्हणायच्या आत म्हणायचं. वाक्य लहान होतं आणि ते सांडू नये म्हणून ती रस्त्यात कुणाशी बोलली नाही, रिक्षावाल्यालाही पत्ता कागदावर दाखवला. वॉर्डात दादा आधीच आला होता. तिला पाहून तो उठला आणि खुर्ची तिला देऊन खिडकीशी उभा राहिला. आई पलंगावर पाठीशी दोन उशा घेऊन बसली होती, केस कुणीतरी विंचरले होते, भांग चुकीच्या बाजूला. “आज काय वार?” आईनं विचारलं.

“गुरुवार,” दादा म्हणाला, आणि म्हटल्यावर खिडकीबाहेर पाहू लागला.

“म्हणूनच दोघं,” आई म्हणाली. तिला समाधान वाटलेलं दिसलं.

नर्स कागद घेऊन आली. वयानं पन्नाशीची, पायात मोजे, घाईत नसलेली. औषधं समजावून सांगितली, टाके कधी काढायचे ते सांगितलं, आणि मग शेवटच्या पानावर पेन टेकवून म्हणाली, “घरी आजींचं कोण पाहणार? एकच नाव सांगा. एकच नंबर. दोन लिहिले की कुणीच उचलत नाही, अनुभव आहे आमचा.”

“मी,” ती म्हणाली. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. शेजारच्या पलंगावरच्या बाईनं मान वळवली. “मुलगी. माझ्याकडेच नेणार आहे.”

दादानं श्वास सोडला तो तिला ऐकू आला. पुढे येऊन त्यानं आईच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. आई दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती, कुणाला आधी जोडून द्यावं ते ठरवत असल्यासारखी.

“नंबर?” नर्सनं विचारलं.

तिनं दहा आकडे सांगितले. न अडखळता, एका दमात, पाढा म्हणावा तसे. सांगून झाल्यावर तिला जाणवलं, की सकाळपासून खांदे वर ओढून धरले होते ते आत्ता खाली आले. झालं. इतकं सोपं होतं. पान एका जागी ठेवलं गेलं होतं.

“लावून बघते हं,” नर्स म्हणाली. “आकडा चुकतो कधीकधी.”

तिनं पर्स मांडीवर घेतली, आत हात घातला आणि फोनवर पंजा ठेवून ती थरथर सुरू व्हायची वाट पाहू लागली. नर्सच्या कानाशी बारीक आवाजात रिंग जात होती. एक. दोन. पर्समधला फोन थंडच होता.

वाजला तो दादाच्या खिशात.

दादानं तो काढला, चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं. “अनोळखी नंबर आहे कुणाचा तरी,” तो म्हणाला. मग त्यानं नर्सच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिचा हात अजून पर्समध्येच होता. फोन वाजत राहिला.

आईनं डोळे मिटून घेतले होते. “उचल की,” ती म्हणाली. “ताई असेल.”